उन्हाळ्यात सशांना गार कसे ठेवावे?
(इयत्ता चौथी)

ससा हा एक गरीब प्राणी आहे. तो कोणाला मारत नाही, ओरडत नाही आणि भूक लागली तरी मांजरासारखा पायात पायात करत नाही. म्हणून त्याला त्रास होत असला तरी घरच्या माणसांना लवकर कळत नाही. थंडीत हे चालून जाते. पण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्याही वर जातो आणि नवतपा लागला की बापा, विचारूच नका. तेव्हा हे चालत नाही.

मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या ओळीतल्या एका घरचे तीन ससे एकाच दुपारी मेले. सकाळी ते चांगले गवत खात होते. घरची मंडळी लग्नाला गेली होती. पिंजरा टिनाखाली होता आणि पाण्याचे भांडे कलंडले होते. त्या घरची मुलगी आपल्याच शाळेत दुसरीत आहे. ती दोन दिवस जेवली नाही. यंदा तिच्या मामाने तिला परत एक जोडी आणून दिली आहे. आपल्या शाळेतल्या आणखी काही मुलांच्या घरी ससे आहेत. आता निकाल लागला की सुट्ट्या आणि लग्नसराई. म्हणून गुरुजी मला म्हणाले, "तुमच्या घरी पाच ससे आहेत, तूच लिही." मी आबाजींना, गुरुजींना आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून विचारून लिहिले आहे.

आधी ससा कोणता ते सांगते. आपण पाळतो तो पांढरा किंवा राखाडी ससा आणि शेतात धुऱ्यावरून टुणकन पळतो तो ससा, हे दोन वेगळे प्राणी आहेत. शेतातल्या सशाची मान मागून काळी असते. तो बीळ करत नाही, गवतातच बसतो आणि त्याच्या पिल्लांना जन्मापासून केस असतात, डोळेही उघडे असतात. तो इथलाच असल्यामुळे ऊन कसे काढायचे ते त्याला माहीत आहे. त्याला पकडून घरी ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. धान कापताना पिल्लू दिसले तर उचलू नये, त्याची आई जवळपास असते.

पाळीव सशाचे मूळ गाव फार लांब आहे. त्याचे पूर्वज स्पेन देशात आणि फ्रान्सच्या दक्षिणेला राहत होते. ते जमिनीत लांब लांब बिळे करून दिवसभर आत बसत आणि संध्याकाळी चरायला बाहेर निघत. जमिनीच्या आत दुपारीसुद्धा गार असते. आपल्याकडच्या लाल डोळ्यांच्या पांढऱ्या सशाला 'न्यूझीलंड व्हाइट' म्हणतात, पण ती जात अमेरिकेत तयार झाली. नावावर जाऊ नये. तर असा हा बिळातला प्राणी आपण उचलून पिंजऱ्यात ठेवतो. त्याचे बीळ गेले, आणि वरून आपला मे महिना!

सशाला १५ ते २० अंशांची हवा आवडते. ३० च्या वर गेली की त्याला त्रास सुरू होतो. ३५ च्या वर त्याच्या जिवाला धोका असतो.

आता प्रत्येक प्राणी अंगातली उष्णता बाहेर कशी काढतो ते पाहा. माणसाला घाम येतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो. म्हैस तळ्यात डुंबते. कोंबडी पंख पसरून चोच उघडी ठेवते. ताडोब्यातला वाघसुद्धा उन्हाळ्यात पाण्यात जाऊन बसतो. सशाला मात्र घाम जवळजवळ येतच नाही आणि कुत्र्यासारख्या धापाही नीट टाकता येत नाहीत. त्याच्याजवळ एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कान.

सशाचा कान उजेडासमोर धरून पाहा (हळूच, ओढायचा नाही). कानात झाडाच्या फांद्यांसारख्या लाल शिरा दिसतात. सशाला गरम झाले की या शिरा रुंद होतात, कानात जास्त रक्त येते आणि बाहेरची हवा लागून ते रक्त निवते. हत्तीसुद्धा कान हलवून असेच करतो.

इथे एक गोष्ट मला आधी समजत नव्हती. गुरुजींनी फळ्यावर दोन आकडे लिहून दाखवले. सशाच्या अंगाचे तापमान साधारण ३९ अंश असते. बाहेरची हवा २५ अंश असेल तर कानातली उष्णता बाहेर जाते, कारण उष्णता जास्त गरम वस्तूकडून कमी गरम वस्तूकडे जाते. पण बाहेरची हवाच ४५ अंश असेल तर? मग उष्णता उलटी हवेतून कानात शिरते! म्हणजे आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी सशाचे कान काहीच कामाचे राहत नाहीत. पुण्याच्या पुस्तकात लिहिलेले 'पिंजरा सावलीत ठेवा' हे बरोबरच आहे, पण आपल्याकडे नुसती सावली पुरत नाही. सावलीतली हवाही सशापेक्षा गरमच असते. ती हवा आधी गार करावी लागते.

पंख्याचेही असेच आहे. आपल्याला पंख्याखाली बरे वाटते, कारण आपला घाम वाळतो. सशाला घाम नाही. त्याच्यावर नुसता पंखा लावला तर गरम हवाच जोरात लागते. म्हणजे लूच की! पंखा लावायचा तर ओल्या गोणपाटाच्या मागून लावावा. आणि आपल्याकडे ऐन दुपारी लाईन जाते, त्यामुळे पंख्याच्या भरवशावर राहू नये.

हवा गार करण्याची युक्ती आपल्या सगळ्यांच्या घरी आहे. ती म्हणजे माठ. माठातले पाणी बारीक छिद्रांतून पाझरते, वाऱ्याने वाळते आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून माठाचे पाणी गार लागते. आम्ही सशांसाठी हेच केले.

पिंजऱ्याची जागा आधी बदलली. जागा ठरवताना आम्ही मेणबत्तीचा प्रयोग केला. एकसारख्या तीन मेणबत्त्या घेतल्या. एक टिनाच्या पडवीत, एक कडुनिंबाखाली आणि एक कवेलूच्या कोठ्यात, अशा विटेच्या कडेवरून अर्ध्या बाहेर येतील अशा ठेवल्या. दुपारी ३ वाजता पाहिले तर टिनाखालची मेणबत्ती वाकून पार खाली लोंबली होती. कडुनिंबाखालची थोडी वाकली होती. कोठ्यातली सरळ होती. हा प्रयोग कोणालाही करता येतो. ज्या जागी मेणबत्ती लोंबते त्या जागी ससा ठेवू नये. टिनाशिवाय दुसरी जागाच नसेल तर टिनावर चुन्याचा जाड हात मारावा आणि वर तणस पसरून दोरीने बांधावी. पांढऱ्या रंगावरून ऊन परत फिरते आणि तणशीमुळे टिन तापत नाही. त्या जागी खालीवर वारा खेळला पाहिजे. चारी बाजूंनी बंद खोलीत ससा उकडून निघतो.

मग गोणपाट. ते तागाचेच पाहिजे. खताची प्लॅस्टिकची पोती पाणी धरत नाहीत, ती काही कामाची नाहीत. लू पश्चिमेकडून येते, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूला गोणपाट टांगायचे आणि पूर्वेची बाजू उघडी ठेवायची, नाही तर आतली दमट हवा बाहेर जाणार नाही. गोणपाट पिंजऱ्यापासून एक वीत दूर असावे. जवळ असले की ससा ते कुरतडून खातो. आमच्या नराने एकदा कोपराच खाऊन टाकला.

गोणपाट घडीघडी भिजवायला दुपारी कोण उठणार? त्यासाठी आबाजींनी युक्ती काढली. महादेवाच्या देवळात पिंडीवर थेंबथेंब पाणी पडावे म्हणून भांडे टांगतात ना, तसा एक जुना डबा बुडाला खिळ्याने बारीक छिद्र पाडून गोणपाटाच्या वर टांगला. छिद्रात सुताची वात घातली. डबा भरला की बराच वेळ गोणपाट ओले राहते. आई म्हणाली, "माणसाले पाणी नाही अन् सशाले अभिषेक!" पण त्यासाठी आम्ही तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी वापरतो. साबणाचे पाणी मात्र घालायचे नाही.

तिसरी वस्तू म्हणजे फुटका रांजण. हे सशांना सगळ्यांत जास्त आवडले. तोंड फुटलेला रांजण आडवा करून अर्धा मातीत पुरला आणि वरून मातीवर सकाळ-दुपार पाणी शिंपडले. आत कोरडे राहते आणि गार असते. दुपारी १२ वाजले की मोठे ससे आपोआप त्यात जाऊन पसरतात. त्यांना त्यांचे स्पेनमधले बीळ आठवत असेल काय? गुरुजी म्हणतात, तसे लिहू नको, ते त्यांच्या स्वभावातच असते. रांजण जमिनीवर असल्यामुळे साप, मुंगूस आणि कुत्र्याची भीती असते. म्हणून भोवती बारीक जाळी पाहिजे आणि संध्याकाळी ससे मोजून परत पिंजऱ्यात घालावे लागतात. रांजण नसेल तर माठाची खापरे किंवा शहाबादी फरशीचा तुकडा ओला करून, पुसून पिंजऱ्यात ठेवावा. ज्यांच्या घरी फ्रीज आहे त्यांनी बाटलीत पाणी भरून त्याचा बर्फ करावा आणि ती बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवावी. कोपऱ्यातच, म्हणजे सशाला नको असेल तर तो दूर जाऊ शकतो.

पाण्याबद्दल. दोन किलोच्या सशाला दिवसाला साधारण पाव लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाणी तापले की ससा ते पीत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. भांडे भरलेले दिसते म्हणून घरच्यांना वाटते की पाणी आहे. भांडे मातीचे आणि जड असावे, म्हणजे कलंडत नाही आणि पाणीही गार राहते. एकाऐवजी दोन भांडी ठेवावीत. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाणी बदलावे.

खायला सकाळी ऊन चढण्याच्या आत आणि दिवस बुडाल्यावर द्यावे. दुपारी सशाला भूक नसते. वाळलेले गवत नेहमी समोर असावे. त्याच्यासोबत हरळी, लसूणघास, शेवग्याचा पाला, कोथिंबीर. टरबुजाची साल ससा फार आवडीने खातो, पण लहानसा तुकडाच द्यावा, नाही तर हगवण लागते. ढीग करून ठेवलेला हिरवा चारा आतून तापतो, हात घालून पाहा, तो देऊ नये. फवारणी झालेल्या शेताच्या धुऱ्यावरचे गवत आणू नये. आणि रुई, कण्हेर, घाणेरी, बेशरम यांचा पाला विषारी असतो. उन्हाळ्यात सगळे वाळते आणि नाल्याकाठी बेशरम तेवढी हिरवीगार दिसते, म्हणून लहान मुले तीच तोडून आणतात. नावच बेशरम!

सशाला उष्णता लागली हे कसे ओळखायचे? यासाठी घड्याळ आणि चारचा पाढा पाहिजे. सशाच्या कुशीकडे पाहायचे. श्वासाबरोबर ती खालीवर होते. १५ सेकंद मोजायचे आणि ४ ने गुणायचे. समजा १२ वेळा हलली, तर १२ × ४ = ४८. शांत बसलेला ससा मिनिटाला ३० ते ६० वेळा श्वास घेतो, म्हणजे हा ससा ठीक आहे. ३० वेळा हलली तर ३० × ४ = १२०. हा धापा टाकतो आहे, याला लगेच गार जागी न्यावे. फार वेगाने हलत असेल तर मोजताच येत नाही, मग मोजत बसू नये. दुपारी ससा पाय लांब करून पसरला असेल पण श्वास बरोबर असेल तर तो नुसता आराम करतो आहे, त्याला उठवू नये. पण कान लाल आणि गरम, नाक ओले, तोंड उघडे, मान मागे टाकलेली, लाळ गळते, उठवले तरी उठत नाही, हे दिसले तर ती उष्णता आहे. लेंड्याही पाहाव्यात. त्या कमी किंवा बारीक झाल्या तर ससा नीट खात नाही. सशाने पूर्ण दिवस काही खाल्ले नाही तर ती मोठी काळजीची गोष्ट असते, असे डॉक्टरांनी सांगितले.

उष्णता लागली तर काय करायचे ते नीट वाचा, कारण इथे माणसे घाबरून भलतेच करतात. ससा उचलून बादलीत बुडवू नये. वाघ पाण्यात बसतो म्हणून ससा बसत नाही. एकदम गार पाण्याने त्याला धक्का बसतो आणि तो त्यानेच मरू शकतो. बर्फही अंगाला लावू नये. ससा गार जागी न्यावा, माठाच्या पाण्यात फडके भिजवून पिळावे आणि त्याने दोन्ही कान पुसत राहावे. पायाचे तळवेही ओले करावेत. मग हाताने पंख्याचा वारा घालावा. आता कान ओले आहेत, म्हणून आता वाऱ्याचा उपयोग होतो. निपचित पडलेल्या सशाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. वाटी तोंडाजवळ ठेवावी, त्याला शुद्ध असेल तर तोच पितो. तोंड उघडे असेल किंवा ससा उठत नसेल तर टोपल्यात ओले फडके घालून लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. थोडा बरा वाटला तरी दाखवून आणावे. सशाला कान धरून कधीच उचलू नये. जादूगार उचलतो तसे चित्र पुष्कळांनी पाहिले आहे. एक हात छातीखाली आणि एक हात मागच्या पायांखाली घालावा.

पिल्लांबद्दल थोडेसे. सशाची मादी साधारण ३१ दिवसांनी पिल्ले देते. म्हणून एप्रिलच्या शेवटी आणि मेमध्ये पिल्ले नको असतील तर मार्च महिन्यापासूनच नर वेगळा ठेवावा. डॉक्टर म्हणाले की फार उन्हात नराची शक्तीही कमी होते आणि पिल्ले बहुतेक राहत नाहीत. पण कोणाच्या घरी पिल्ले झालीच तर एक लक्षात ठेवा. मादी आपल्या पोटाचे केस उपटून पिल्लांना गादी करते. थंडीत ते चांगले, पण मे महिन्यात त्याच केसांत पिल्ले उकडतात. ती लालभडक होऊन केसांबाहेर सरपटतात. तेव्हा थोडे केस काढून घ्यावेत, सगळे नाही. लाल मुंग्यांसाठी पिंजऱ्याच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात.

बाजारातून ससा आणायचा असेल तर आता आणू नका. दुपारच्या एसटीत पिशवीत घालून आणलेला ससा घरी पोचेपर्यंत अर्धा मेलेला असतो. दिवाळीच्या पुढे आणा.

सुट्टीत मामाच्या गावाला जाणाऱ्यांनी आणि लग्नाला जाणाऱ्या पालकांनीही हे वाचावे. 'ससे पाहा हो' एवढे शेजाऱ्यांना सांगून होत नाही. शेजारी सकाळी गवत टाकतात आणि त्यांना वाटते झाले. ससा मरतो तो दुपारी १२ ते ४ च्या मधे. आमच्या घरी मे महिन्यात आत्याचे लग्न आहे, सगळे दोन दिवस वडशाला जाणार. म्हणून मी पाटीवर लिहून ती पिंजऱ्याला बांधून ठेवणार आहे:

सकाळी ६ - गवत, दोन भांडी पाणी, डबा भरणे.
दुपारी १२ - पाणी बदलणे, डबा भरणे, रांजणावर पाणी.
दुपारी ३ - श्वास मोजणे. डबा भरणे.
दिवस बुडाल्यावर - गवत, पाणी, ससे मोजून आत. पाच.

शेजारच्या काकू म्हणाल्या की त्यांना वाचता येत नाही, पण त्यांचा मुलगा तिसरीत आहे, तो वाचून सांगेल. श्वास मोजायला मी त्याला आतापासूनच शिकवते आहे. त्याचा चारचा पाढा पक्का आहे. दुसरीतल्या त्या मुलीच्या घरी गोणपाट आणि डबा लावून झाला आहे. रांजण त्यांना पाहिजे आहे. कोणाकडे फुटका रांजण पडला असेल तर तिच्या घरी द्यावा.

जूनमध्ये एक गोष्ट बदलते. पावसाच्या आधी ढग येतात, अंगाला चिकचिक होते आणि वाळत घातलेले कपडे लवकर वाळत नाहीत. कपडे वाळत नाहीत म्हणजे गोणपाटही वाळत नाही, आणि जे वाळत नाही ते हवा गार करत नाही. अशा दिवसांत गोणपाट भिजवले तर आत नुसती वाफ कोंडते आणि सशांना आणखी त्रास होतो. तेव्हा गोणपाट काढून टाकावे, चारी बाजूंनी वारा येऊ द्यावा आणि लाईन असेल तर दुरून पंखा लावून कोंडलेली हवा हलती ठेवावी. पिंजऱ्यातली घाण रोज काढावी, कारण ओल्या घाणीवर माश्या बसतात. पहिला जोराचा पाऊस झाला की आम्ही रांजण मातीतून काढून कोठ्यात ठेवतो, नाही तर त्यात पाणी साचते.